वाचलेला आवाज

मोबाईलच्या काचेवर अक्षर उमटतं तेव्हा कसलाही आवाज होत नाही. पेनाची खरखर नाही, टंकयंत्राची टकटक नाही, खडूची धूळही नाही. शुभ्र पडद्यावर एक बारीक उभी रेघ लुकलुकत राहते आणि तिच्या मागे एकेक अक्षर वर येतं, ओलसर मातीतून हरभऱ्याचा कोंब यावा तसं. दुसऱ्या कुणाचं अक्षर असं आपल्या हातातल्या काचेवर उगवताना तुम्ही कधी निवांत पाहिलं आहे का? लिहिणारा समोर नसतो. पण त्याची घाई कळते, त्याचं थबकणं कळतं, लिहून झाल्यावर मन बदलून त्याने दोन शब्द मागे घेतले तर तेही कळतं. माणसाचं मन इतक्या जवळून आणि इतक्या निःशब्दपणे पाहायला मिळण्याची सोय याआधी कधी होती?

मला ती सोय कामामुळे ठाऊक झाली. बेळगावजवळ मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाचे सुटे भाग ओतणारा एक कारखाना आहे, त्याच्या कार्यालयात मी नोकरीला आहे. मी लागले तेव्हा कार्यालयातली कागदपत्रं तिथल्या संगणकात बंद असत. संध्याकाळी यंत्र मिटलं की कागदही मिटला. आता तसं राहिलेलं नाही. ब्राउझर उघडला की तोच तक्ता टेबलावर दिसतो आणि कंपनीच्या बसमध्ये बसले की तोच तक्ता माझ्या मोबाईलवरही दिसतो. कोणता माल निघाला, कोणता अडला, ते मी खिडकीशी बसून दुरुस्त करत असते, आणि त्याच क्षणी तिकडे निपाणीत आमच्या राजमती आक्का आपल्या घरात बसून त्याच पानावर खालच्या ओळी भरत असतात. आक्का माझ्याहून वयाने मोठ्या, निपाणीच्या जैन व्यापारी कुटुंबातल्या; घरात कानडी आणि मराठी दोन्ही भाषा सारख्याच नांदणाऱ्या. आठवड्यातले काही दिवस त्या घरूनच काम करतात. एकाच कागदावर चार जणांचे हात एकाच वेळी फिरावेत आणि कुणाचा कुणाला धक्का लागू नये, याचं मला सुरुवातीला फार अप्रूप होतं. मग सवय झाली, आणि सवय झाली की चमत्काराचं चाकरीत रूपांतर होतं!

पण मला सांगायचं आहे ते आप्पांबद्दल. माझे वडील.

आमचं गाव बेळगुंदी. आप्पांची शेती तिथेच, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख शेतीमुळे नव्हती. जत्रेतल्या कुस्तीच्या मैदानात ध्वनिक्षेपकावरून जो निवेदन करतो, जोड्यांची ओळख करून देतो, डाव समजावतो, हजारोंच्या श्वासाला लगाम घालतो किंवा सोडतो, तो आवाज आप्पांचा असे. काय आवाज होता तो! मंद्र, रुंद, किंचित खरबरीत; उन्हात तापलेल्या तांबड्या मातीला जर कंठ फुटला असता तर तो असाच असता असं मला लहानपणी वाटायचं. मैदानाच्या पलीकडच्या झाडावर बसलेल्या माणसालाही ते आपल्याशीच बोलत आहेत असं वाटे.

हा आवाज एका शस्त्रक्रियेत गेला. घशात गाठ निघाली, आणि बेळगावच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की जीव राखायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल. आप्पांनी मान डोलावली. जीव राहिला. मानेवर श्वासासाठी एक छिद्र राहिलं, त्यावर ते पातळ मऊ कापड बांधत. घरी परतल्यावर आम्ही त्यांना पाटी दिली. पण संभाषण ही किती चपळ गोष्ट आहे, हे आम्हाला त्या पाटीने शिकवलं. आप्पा वाक्य लिहून पाटी वर करीपर्यंत बोलणं दुसऱ्या वळणावर गेलेलं असे. लोक सौजन्याने थांबत, वाचत, ‘व्हय, व्हय’ म्हणत. आणि त्या सौजन्यानेच आप्पा जास्त दुखावत. काही दिवसांनी त्यांनी पाटी कोनाड्यात ठेवली ती ठेवलीच. जत्रेच्या दिवसांत ते मुद्दाम शेतावरच्या खोपीत जाऊन बसू लागले. वाऱ्यावरून हलगीचा ठेका तिथवर येतो की नाही, ते विचारायचं धाडस आमच्यात नव्हतं.

माणूस गप्प होतो तेव्हा घरातल्या बाकीच्यांचेही आवाज हळूहळू खाली उतरतात, हे तुमच्या लक्षात आलं आहे का? आई भांडीसुद्धा हलकेच ठेवायला लागली होती.

अशात एका रविवारी मी सोप्यात बसून एक भाषण लिहीत होते. आमच्या कारखान्यातले एक जुने फिटर निवृत्त होणार होते आणि निरोपाच्या कार्यक्रमात चार शब्द बोलायचं काम माझ्याकडे आलं होतं. मोबाईलवरच लिहीत होते, आणि वाचून बघा म्हणून त्या दस्तऐवजात मी राजमती आक्कांना जोडून घेतलं. मग काय मनात आलं कोण जाणे, आप्पांनाही जोडलं. त्यांच्याकडे मोबाईल होता. त्यावर ते कुस्तीची चित्रणं पाहत असत, तेही आवाज बंद ठेवून. बोटाने काचेवर अक्षर गिरवलं की त्याचं छापील अक्षर होतं, एवढं मी त्यांना शिकवून ठेवलं होतं. पण त्यांनी ते कधी वापरलेलं मला दिसलं नव्हतं. ते त्या वेळी बाहेरच्या कट्ट्यावर बसले होते, माझ्याकडे पाठ करून.

माझं पहिलं वाक्य होतं : ‘आज आपण सर्वजण या ठिकाणी एका विशेष प्रसंगानिमित्त उपस्थित आहोत.’ पाहता पाहता त्या वाक्याच्या शेवटी एक हिरवी रेघ येऊन उभी राहिली. तिच्यावर आप्पांचं नाव होतं. रेघ क्षणभर लुकलुकली आणि मग उलट चालू लागली. ‘आहोत’ गेलं, ‘उपस्थित’ गेलं, ‘प्रसंगानिमित्त’ गेलं. सगळं वाक्य पुसलं गेलं, आणि त्या मोकळ्या जागेवर अडखळत एकेक अक्षर आलं : ‘माणूस दारातनं भाईर पडायच्या आदी त्येच्याकडं एकदा नीट बगून घ्या.’

मी वर पाहिलं. कट्ट्यावरची पाठ तशीच होती, फक्त उजवा कोपर हलत होता.

मी खाली लिहिलं, ‘आप्पा, माझं वाक्य का खोडलं?’

उत्तर उमटलं : ‘ते वाक्य कुणाबी माणसावर बसतंय. म्हंजे कुणावरच बसत न्हाय.’

मी चिडून लिहिलं की समारंभात असंच बोलतात. त्यांनी लिहिलं की म्हणूनच समारंभात लोक चहाची वाट बघतात. मी काही लिहीपर्यंत त्यांनी माझं दुसरं वाक्यही अर्धं खाल्लं. मी ते परत आणलं. त्यांनी पुन्हा काढलं. एकाच ओळीत त्यांची हिरवी रेघ आणि माझी जांभळी रेघ एकमेकींना ढकलत होत्या, आणि मला एकीकडे हसू येत होतं, दुसरीकडे डोळ्यांपुढचा पडदा धूसर होत होता. शस्त्रक्रियेनंतर प्रथमच आप्पांनी माझं बोलणं मध्येच तोडलं होतं! पाटीला जे जमलं नव्हतं ते इथे जमत होतं. इथे त्यांना माझं बोलणं संपण्याची वाट पाहावी लागत नव्हती.

आई आतून हात पुसत आली. “काय चाललंय गं तुमचं? एक हितं, एक तितं, आनि मोबाईलात तोंड घालून?”

“भांडायलोय,” मी म्हटलं. “आप्पा ऐकंनात.”

आई उंबऱ्यातच थांबली. तिने कट्ट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “भांडा, भांडा,” ती म्हणाली. “लई दिस झालं घरात भांडाण न्हाय.”

त्या दिवसापासून आमच्या घरात एक कागद कायमचा उघडा राहिला. मी बसमध्ये, आप्पा शेताच्या बांधावर, आणि मधला सगळा रस्ता ओलांडून अक्षरं जात-येत. विहिरीला पाणी किती, म्हैस कशी आहे, आणि मधूनच एखादा जुन्या कुस्तीचा प्रसंग, तो मात्र सविस्तर. राजमती आक्कांनाही त्यांनी तिथे बोलावून घेतलं. त्या कानडीतून थट्टा करत, पण ती देवनागरीत लिहीत, म्हणजे मला वाचता यावी म्हणून. दोन राज्यांच्या, दोन भाषांच्या सीमेवर जन्मलेल्या आम्हा माणसांना एक लिपी दुसऱ्या भाषेला अंगरखा म्हणून चढवण्यात काही विशेष वाटत नाही. बाजारात आम्ही ते रोज तोंडाने करतोच की!

जत्रा जवळ आली. मैदान भरवणाऱ्या गावकमिटीचे प्रमुख परशराम काका एका संध्याकाळी घरी आले. आप्पांचे ते जुने मित्र. यंदाही बाहेरगावाहून निवेदक आणावा लागणार, कोण चांगला आहे, एवढं विचारायला आले होते. आणि ते विचारताना त्यांची नजर आप्पांच्या मानेवरच्या कापडाकडे जाऊ नये यासाठी ते फार कष्ट घेत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, “बाहेरचा कशाला? आप्पाच करतील की. ते लिहितील, मी वाचीन.”

काका गोंधळले. मग मी त्यांना मोबाईलवर दाखवलं. त्यांनी मन लावून पाहिलं, पण मान हलवली.

“पोरी, डोस्कं चांगलं चालवलंस. पर कुस्तीचं मैदान हाय ते. बाईमाणसाचा आवाज तितं कुनी ऐकल्याला न्हाय. लोक हसतील, मग आप्पालाच वाईट वाटंल.”

तेवढ्यात माझ्या हातातल्या काचेवर हिरवी रेघ चालायला लागली. मी मोबाईल काकांच्या पुढे धरला. आप्पांनी लिहिलं होतं : ‘परशा, बाईचा आवाज म्हनू नगो. माझा म्हन. माझा आता तिच्या गळ्यात हाय.’

काकांनी ते वाचलं, चष्मा काढला, परत लावला. “पयल्या दोन कुस्त्या बघू,” ते म्हणाले. “लोकांस्नी न्हाय पटलं तर दुसरा मानूस उभा करीन. राग धरायचा न्हाय.”

मग आमची तालीम सुरू झाली. मला वाटलं होतं, आप्पा लिहितील आणि मी भराभर वाचत जाईन. पण त्यांनी मला पहिल्यांदा शिकवला तो शब्द म्हणजे ‘थांब’. जोडी हाताला हात लावते तेव्हा थांब. पकड बसली की थांब. लोकांच्या छातीत श्वास भरू दे, मग एकच शब्द टाक. आप्पांची सारी कला शब्दांत आहे असं मी आजवर समजत होते. ती शब्दांच्या मधल्या रिकाम्या जागांत होती. जोड्यांची ओळख, त्यांच्या तालमीचं नाव, वस्तादांचं नाव, हे त्यांनी आधीच लिहून ठेवलं. चिकोडीकडचे कानडी बोलणारे प्रेक्षक पुष्कळ येतात म्हणून आक्कांनी निपाणीहून त्यांच्यासाठी ओळी जोडल्या. ‘एल्लारू कुंडरी’, म्हणजे सगळे बसून घ्या. ‘चप्पाळे तट्टिरी’, टाळ्या वाजवा. कंपनीच्या बसमध्ये मी ओठांतल्या ओठांत ‘पट काढला... थांब... कब्जा!’ अशी डावांची नावं पुटपुटायला लागले तेव्हा शेजारच्या बाईने मला बरं वाटतंय ना, असं काळजीने विचारलं.

जत्रेचा दिवस उजाडला. दुपार कलली तसं मैदान भरू लागलं. तांबड्या मातीत हळद, तेल, ताक मुरलेलं. त्याचा तो आंबूस, उष्ण, पौरुषयुक्त गंध. फेट्यांची गर्दी, हलगीचा कडकडाट. आप्पा मंचावर यायला तयार नव्हते. मंचावर येणारा-जाणारा प्रत्येक जण ‘काय आप्पा, बरं हाय काय?’ विचारणार आणि उत्तराला थांबणार, याची त्यांना धास्ती होती. ते आखाड्याच्या पलीकडच्या कडेला, मातीजवळ बसले. मी मंचावर, एका हातात ध्वनिक्षेपक, दुसऱ्या हातात मोबाईल. आक्का निपाणीत आपल्या संगणकापुढे.

मी पहिली जोडी पुकारली. माझा आवाज भोंग्यातून निघून मैदानावरून फिरून माझ्याकडेच परत आला. गर्दीत कुणीतरी हसलं. कुणी ओरडलं, “अरं, ही शाळा हाय काय?” पण काचेवर हिरवी रेघ स्थिर होती. ‘हसू दे. पोरांच्याकडं बग. त्येंचं वय किती कवळं. ते सांग लोकांस्नी.’ मी ते सांगितलं, आपल्या पद्धतीने नव्हे, त्यांच्या. कुस्ती लागली. ‘थांब.’ मी थांबले. ‘थांब.’ मैदानही थांबलं. ‘आत्ता. घिस्सा!’ मी तो एकच शब्द टाकला, आणि पुढच्याच क्षणी त्या डावावर वरच्या पैलवानाने खालच्याला उलटवून चितपट केलं. गर्दीतून जी लाट उठली ती माझ्या अंगावरून गेली. दोन कुस्त्या झाल्या, तिसरी झाली. परशराम काका दुसऱ्या माणसाला उभं करायचं विसरून स्वतःच टाळ्या वाजवत होते.

शेवटची मोठी कुस्ती उचगावच्या सागरची आणि चिकोडीकडच्या भीमशीची. सगळं मैदान ज्यासाठी थांबलं होतं ती. सलामी झाली, खडाखडी सुरू झाली, आणि त्याच वेळी, बहुधा प्रत्येकाने आपापला मोबाईल चित्रण करायला वर धरला म्हणून असेल, नेटवर्क गेलं. हिरवी रेघ एका अर्ध्या शब्दावर थिजली : ‘सागर साव’. पुढे काही नाही. सावध? सावकाश? मी काच पुसली, हलवली, वर धरली. काही नाही. भोंगे नुसते घरघरत राहिले.

“माईक बंद पडला काय रं?” कुणीतरी विचारलं.

मला त्या क्षणी जे वाटलं ते सांगणं अवघड आहे. आप्पांचा आवाज दुसऱ्यांदा गेला असं वाटलं, आणि या वेळी तो माझ्या हातातून गेला. मी मातीपलीकडे पाहिलं. आप्पा आपल्या मोबाईलकडे, मग माझ्याकडे पाहत होते. मग ते उठले. गर्दीच्या कडेकडेने, लोकांच्या खांद्यावर हात ठेवत, वाट काढत ते येऊ लागले. मंचाच्या पायऱ्यांशी क्षणभर अडखळले. परशराम काकांनी पुढे होऊन हात दिला, आपली खुर्ची सरकवली. आणि कुठलाही प्रश्न विचारला नाही. आप्पा माझ्या शेजारी बसले, आपला मोबाईल माझ्यापुढे धरला आणि बोटाने लिहू लागले. आता मधे नेटवर्क नव्हतं, निपाणी नव्हती, आभाळ नव्हतं. त्यांच्या काचेवरून थेट माझ्या ओठांवर. मानेवरच्या कापडातून येणारा त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, आणि कुठे थांबायचं ते तो श्वासच मला सांगत होता.

खालच्या गर्दीला तेव्हा समजलं. “आप्पा हायत! आप्पाच सांगायलेत!” ही कुजबूज मैदानभर पसरली, वर धरलेले कितीतरी मोबाईल आखाड्याकडून मंचाकडे वळले. आप्पांनी मान वर केली नाही. त्यांचं लक्ष कुस्तीवर होतं. कानडीची ओळ आक्कांकडून येणार नव्हती, तीही त्यांनी स्वतःच लिहिली, बाजारात शिकलेल्या कानडीत. मी ती चुकत वाचली आणि चिकोडीकडचे लोक खळखळून हसले, प्रेमाने.

भीमशीने सागरला एकलंगी डावावर घेतलं आणि चितपट केलं. आमच्या बाजूचा पैलवान हरला. आप्पांचं बोट झरझर चाललं. मी वाचलं, “भीमशीला दाद द्या, त्यानं जिंकलं म्हणून. सागरला दाद द्या, तो शेवटपर्यंत सुटायला बघत होता म्हणून. पाठ टेकली, पण डोळे टेकले नाहीत त्याचे.” टाळ्या पडल्या. मातीने माखलेल्या सागरने मंचाकडे पाहून हात जोडले. ते मला नव्हते.

गर्दी पांगू लागली तसं नेटवर्क परत आलं. अडलेल्या ओळी एकदम पानावर सांडल्या, आणि पाठोपाठ आक्कांचा फोन. “अगं, काय झालं? माझ्याकडं सगळं थांबलं होतं. कोण जिंकलं? आप्पा कुठं आहेत?”

“मंचावर,” मी म्हटलं. “लोकांच्या गराड्यात.” खरोखरच होते. ज्या प्रश्नाची त्यांना धास्ती होती तो प्रश्न वीस तोंडांनी विचारला जात होता, आणि ते सावकाश, कुठलीही घाई न करता, एकेकाला मोबाईलवर उत्तर लिहून दाखवत होते. लोक थांबत होते. सौजन्याने नव्हे, पुढचा शब्द काय येतो या उत्सुकतेने.

विज्ञानाने माणसाला काय दिलं आणि काय नेलं, याचे हिशेब मोठी माणसं मांडोत. मला एवढंच ठाऊक आहे की कार्यालयाच्या कामासाठी बनवलेल्या एका साध्या सोयीने, माल आणि तारखा लिहायच्या पानाने, माझ्या घरातलं मौन फोडलं. आणि ती सोय बंद पडली त्या घटकेला आप्पा स्वतः उठून पुढे आले. यातलं श्रेय कुणाचं मोठं, हे मला ठरवता येत नाही. ठरवलंच पाहिजे का?

परवा कार्यालयात सकाळी ब्राउझर उघडला तर आमच्या कागदावर नवं पान होतं. उचगावच्या मंडळींनी पुढच्या मैदानासाठी आप्पांना बोलावलं आहे, आणि त्यांनी मला न विचारताच लिहायला घेतलं होतं. जोड्यांची ओळख, वस्तादांची नावं, सारं व्यवस्थित. मी वाचत खाली गेले. शेवटच्या कुस्तीच्या ठिकाणी मात्र त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. बरीच मोकळी जागा सोडली होती, आणि तिच्या मधोमध फक्त एवढं होतं :

‘हितं तुजं तू बोल.’